वाइन सॉस: चाचण्यांच्या नोंदी

२ जून

तीन सॉस बसवायचे आहेत. लाल: शिराझ ही लाल वाइन आणि बकऱ्याच्या पायाचा स्टॉक (हाडं उकळून काढलेला रस), मटण चॉप व अंड्यांसाठी. पांढरा: शेनिन ब्लां ही पांढरी वाइन आणि बटर, मासळीसाठी. तिसरा व्हेज लाल, मशरूमचा. प्रत्येकाचं वजनी प्रमाण, टिकण्याची मुदत आणि ताटामागचे उष्मांक असं कार्ड तयार झाल्याशिवाय मेनूत काहीही घ्यायचं नाही.

लाल सॉसचा आधार फ्रान्समधल्या बोर्दोचा: बारीक कांदे, लाल वाइन, थाइम, तमालपत्र, हाडांचा आटीव स्टॉक. तिकडे शेवटी नळीतली मज्जाही घालतात, आपण ती वगळली. पांढऱ्याचं मूळ लुआर नदीच्या मुखाकडचं, नांतच्या बाजूचं. शेनिन हे द्राक्षही लुआरचंच, आणि नाशिकात ते भरपूर लागतं. त्यामुळे पांढऱ्यासाठी वाइन शोधत बसावं लागलं नाही.

सामान भरताना: पाककृतीतलं तमालपत्र म्हणजे लॉरेलचं पान. आपला तेजपत्ता वेगळ्या झाडाचा, त्याला दालचिनीचा वास असतो. एक पान पडलं तरी सॉस पुलावाकडे झुकतो. लॉरेल नसेल तर काहीच घालू नका.

३ जून

भांड्यांची चाचणी. प्रत्येकात १५० मिली शिराझ घालून ५० ग्रॅमवर आटवली.

लोखंडी कढई: दहा मिनिटांत रंग शाईसारखा, चव गंजक्या खिळ्याची. नुसती शाईसारखी नव्हे, जुन्या काळी शाई अशीच करत: टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह. अ‍ॅल्युमिनियमचा भगोना: रंग मळकट, जिभेवर धातू. हिंडालियमही त्याच जातीचं. कल्हईचं पितळी पातेलं: चव स्वच्छ, पण कल्हई शाबूत हवी आणि भांडं कोरडं तापवायचं नाही, कथील २३२ अंशांना वितळतं. जाड बुडाचं स्टील: उत्तम. यापुढे सगळं स्टीलमध्ये.

५ जून

७५० मिली म्हणजे ७४२ ग्रॅम वाइन, १३ टक्के अल्कोहोलची. २६ सेंमी रुंद स्टीलचं पातेलं, मोठा बर्नर, झाकण नाही. १५० ग्रॅमवर यायला १९ मिनिटं लागली. तेच १८ सेंमीच्या उभ्या पातेल्यात २८ मिनिटं, कारण अर्धी ज्योत बाजूनं निसटते.

पातेल्यातली रेघ बघून आटवणं बंद. दोन जणांची ‘पाव राहिली’ ही रेघ ६० ग्रॅमनं वेगळी निघाली. पातेल्याचं रिकामं वजन (११८० ग्रॅम) टेपवर लिहून दांड्याला चिकटवलंय. काट्यावर लाकडी पाट ठेवून गरम पातेलं मोजायचं, १३३० दिसलं की उतरवायचं.

थर्मामीटरही लावून ठेवला होता. नाशिकच्या उंचीवर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. वाइन ९० वर उकळायला लागली. ६०० ग्रॅम उरली तेव्हा ९४, ५०० ला ९७, निम्म्यावर ९८. म्हणजे बहुतेक अल्कोहोल पहिला तिसरा हिस्सा उडतानाच निघून जातं, पुढे आपण फक्त पाणी उडवतो. ‘अल्कोहोल ७८ अंशांना उडून जातं’ हे वाक्य किचनमध्ये सगळे म्हणतात, पण ते शुद्ध अल्कोहोलचं. पाण्यात मिसळलेलं तसं सुटून जात नाही, पाण्याला घेऊनच जातं आणि जाताना थोडं मागे ठेवतं.

थर्मामीटरवर ‘अल्कोहोल नाही’ असं मात्र लिहायचं नाही. आटताना आम्लं आणि ग्लिसरॉल दाट होतात, त्यांनी उत्कलनबिंदू जवळपास अर्धा अंश वर जातो आणि तेवढ्यात अर्धा-पाऊण टक्का अल्कोहोल सहज लपतं.

६ जून

कालच्या दोन घाण्यांपैकी एक कडू. वाइन तीच, वजन तेच. कारण पातेल्याच्या भिंतीवर सापडलं: वाइन खाली जाते तशी वर जांभळी कड सुकत जाते, मोठ्या ज्योतीत ती करपते आणि ढवळताना परत आत पडते. उपाय: ओल्या ब्रशनं कड दर पाच मिनिटांनी पुसून आत घ्यायची आणि पातेल्याबाहेर ज्योत चढू द्यायची नाही.

ओकच्या पिपात मुरलेली महागडी शिराझही आटवून पाहिली. पाचपट दाट झाल्यावर लाकूडच चावल्यासारखं लागलं. सॉसला साधी, फळाच्या चवीची, ओक न लागलेली बाटली बरी. बुचाच्या कुबट वासाची बाटली चालणार नाही, तो वास उकळून जात नाही. उघडून तीन दिवस झालेली चालते, व्हिनेगरचा भपकारा नसेल तर.

सुरक्षितता: तापलेल्या पातेल्यात वाइन ओतायची असेल तर पातेलं आधी बर्नरवरून बाजूला. वाफ ज्योतीपर्यंत पोहोचली तर भडका वर चिमणीच्या जाळीपर्यंत जातो, आणि जाळीला तेल असतं.

९ जून

स्टॉक. बकऱ्याचे पाय २ किलो, भाजून, खरवडून, धुऊन. ओव्हनमध्ये २२० अंशांवर ४० मिनिटं, तपकिरी होईतो. मग पाणी ४ लिटर, कांदा २००, गाजर १००. मंद आचेवर साडेपाच तास, वरचा फेस काढत. गाळून, चरबी काढून, आटवून १२०० मिली. फ्रिजमध्ये वडीसारखा जमला, बोट दाबलं की परत वर येतो.

कुकरमध्ये ७५ मिनिटांत काम होतं, स्टॉक फक्त गढूळ येतो. दाट सॉसमध्ये ते दिसत नाही.

मीठ नाही आणि हळद नाही. पाया उकळायला ठेवला की हात आपोआप डब्याकडे जातो. चिमूटभर हळदीनं आटल्यावर सॉस विटकरी दिसतो आणि वाइनचा रंग मरतो. मिठाचं गणित आणखी वाईट: स्टॉकला बेताचं वाटलेलं मीठ तिप्पट आटल्यावर तोंडात धरवत नाही.

पायाच का? जिलेटिनमुळे, म्हणजे स्टॉक वडीसारखा जमवणाऱ्या प्रथिनामुळे. शिराझमधलं टॅनिन जिभेवरच्या प्रथिनांना धरतं म्हणून तुरट लागतं. जिलेटिन मिळालं की ते त्यालाच धरतं. वायनरीतही टॅनिन उतरवायला जिलेटिन वापरतात, आपण तेच पातेल्यात करतोय.

११ जून

लाल बेस, दहा ताटांचा:

बारीक कांदे ८० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १५ ग्रॅम. मंद आचेवर ८ मिनिटं, रंग न येऊ देता. काळी मिरी १२ दाणे ठेचून, थाइमच्या २ काड्या, लॉरेल अर्धं पान. शिराझ ७५० मिली घालून १५० ग्रॅमवर (हे वजन कांद्यासकट नव्हे, कांद्याचे ७० धरून काट्यावर २२० बघा). स्टॉक ९०० मिली. सगळं मिळून ४३० पर्यंत आटवून, गाळून, कांदा पळीनं दाबून. हाती ३६० ग्रॅम.

आधी वाइन, मग स्टॉक, हा क्रम उलटला की बिघडतं. दोन्ही एकदम घातलं तेव्हा अल्कोहोलचा उग्रपणा जायला फार वेळ लागला आणि तेवढ्यात जिलेटिन तळाला लागलं.

आज तिघांनी तीन दुरुस्त्या सुचवल्या, तिन्ही करून पाहिल्या. आंबटपणा मारायला खायचा सोडा, १५० ग्रॅमला पाव चमचा: फेस वर आला आणि सॉस डोळ्यांदेखत माणकाचा पाटीसारखा राखाडी-निळा झाला. द्राक्षाचा रंग आम्लातच लाल राहतो. चवही साबणासारखी. फेकला. आंबट जास्त वाटलं तर आणखी स्टॉक किंवा बटर, सोडा नाही. दुसरी, सुरुवातीलाच कॉर्नफ्लोर: अर्धा तास आम्लात उकळून दाटपणा मोडला, सॉस परत पाणी. लागलंच तर शेवटच्या मिनिटाला. तिसरी, बटरऐवजी तूप: वर तवंग. बटरमध्ये पाणी आणि दुधाची प्रथिनं असतात, ती चरबी धरून ठेवतात. तुपात ती आपण कढवताना काढून टाकलेली असतात.

शेवटचं बटर ताट वाढतानाच: ३६ ग्रॅम बेस गरम करून, आचेवरून उतरवून, ५ ग्रॅम गार बटर पातेलं फिरवत घालायचं. परत उकळी आली की फुटतो.

१४ जून

नुसती आटवलेली वाइन (स्टॉकशिवाय) बाटलीत भरून चार दिवस ४ अंशांवर ठेवली होती. आज तळाला चकचकीत खडे, बोटाला खरखरीत. फ्रिज उघडणाऱ्यानं काच फुटली समजून बाटली बाजूला काढली, ते बरोबरच केलं. काच नाही. टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियमचं मीठ आहे, आटल्यावर दाट झालं आणि थंडीत खाली बसलं. गरम पाण्यात खडा विरघळला, काच विरघळत नाही. चाखलं तर आंबट.

अपायकारक नाही, पण पाहुण्याच्या दाताखाली कचकच आली तर कोणी हे समजावून घ्यायला थांबत नाही. म्हणून रात्रभर थंड करून, दुसऱ्या दिवशी दुहेरी मलमलीतून गाळून मगच भरायचं. आंबटपणाही थोडा उतरतो, तो फायदाच.

१६ जून

पांढरा. शेनिन २०० मिली, पांढऱ्या वाइनचं व्हिनेगर ३० मिली, कांदा ४० ग्रॅम, आटवून ४० ग्रॅम रस. मग २०० ग्रॅम गार बटर, दोन सेंमीचे तुकडे, एकामागून एक, सतत फेटत. तापमान ५५ च्या आसपास. ६० च्या पुढे गेलं की चरबी सुटते, फार गार झालं की गोठते. गरम पाण्याच्या थर्मासमध्ये (आधी पाणी ओतून टाकून) तासभर टिकला.

पहिला घाणा गोड. बाटली बघितली तर शेनिनमध्ये साखर शिल्लक ठेवलेली. लिटरला १२ ग्रॅम प्यायला कळतही नाही, पाचपट आटली की ६० ग्रॅम होते. पांढऱ्याला कोरडी शेनिन किंवा सोव्हिन्यों ब्लां.

क्रीमची आवृत्तीही मागितली होती. २५ टक्के चरबीचं पॅकेटमधलं क्रीम थेट आटीव वाइनमध्ये ओतलं आणि पनीरसारखे कण आले: आम्लात दुधाची प्रथिनं गुठळतात, आणि चरबी जितकी कमी तितकी लवकर. ३५ टक्क्यांच्या वरचं क्रीम, वेगळं कोमट करून घेतल्यावर राहिलं. हलकं क्रीमच वापरायचं असेल तर त्यात आधी १ टक्का कॉर्नफ्लोर शिजवून घ्या. लाल वाइनमध्ये क्रीम नकोच. गुठळ्या नाही झाल्या तरी रंग धुतलेल्या जांभळ्या साडीचा येतो.

हलका पांढरा: शेनिन २०० मिली → ६० ग्रॅम, माशाचा स्टॉक ३०० मिली → १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ६ ग्रॅम, बटर ४० ग्रॅम. माशाचा स्टॉक पापलेट-रावसच्या काट्यांचा, २० मिनिटंच. पुढे कडवट होतो. बांगड्याचे काटे नकोत, तेलकट वास येतो.

१९ जून

व्हेज लाल. मशरूम ५०० ग्रॅम खरपूस भाजून, कांदा, टोमॅटो पेस्ट २० ग्रॅम, पाणी १ लिटर, ४० मिनिटं, गाळून ३०० मिलीवर. त्यात पाचव्या हिश्श्यावर आणलेली शिराझ घातली, आणि अपेक्षेप्रमाणे तोंड कोरडं: जिलेटिन नाही, टॅनिन मोकळं.

मसूर शिजवलेलं पाणी घालून पाहिलं, डाळीचं प्रथिन टॅनिन धरेल या हिशेबानं. तुरटपणा खरंच उतरला. पण सॉसला आमटीचा वास. रद्द.

जमलं ते असं: वाइन पाचव्याऐवजी तिसऱ्या हिश्श्यावर थांबवायची, कमी टॅनिनची घ्यायची, आणि दाटपणा आरारूटनं आणायचा (१०० ग्रॅमला दीड ग्रॅम, गार पाण्यात कालवून, एका उकळीवर बंद). चकाकी कॉर्नफ्लोरपेक्षा चांगली येते. बटर ताटाला ५ ग्रॅमच.

‘व्हेज’ लिहिण्याआधी वाइन कशानं नितळ केली ते वायनरीला विचारून घ्या. अंड्याचा पांढरा, जिलेटिन, माशाच्या पिशवीचं आयसिंग्लास हेही वापरतात. बेंटोनाइट माती असेल तर प्रश्न नाही. कांदा न खाणाऱ्यांसाठी हा सॉस नाही, कांदा काढला तर पोकळ लागतो.

२१ जून

पोषणाचा हिशेब. पहिल्या मसुद्यात वाइनचे सगळे उष्मांक सॉसमध्ये धरले होते. ते चूक.

७५० मिली × १३ टक्के × ०.७८९ = ७७ ग्रॅम अल्कोहोल. ग्रॅमला ७ धरून ५४० किलोकॅलरी. उरलेलं सगळं (थोडी साखर, ग्लिसरॉल, आम्लं) मिळून ५० च्या आसपास. म्हणजे बाटलीच्या उष्मांकांचे नऊ-दशांश आपण चिमणीतून सोडतो.

लाल बेस, ३६० ग्रॅम: वाइन ५०, कांदा २०, बटर १५ ग्रॅमचे १०८, स्टॉकमधलं जिलेटिन ३० ग्रॅम धरून १२०. एकूण ३०० च्या जवळ. ताटाला ३०, वरचं ५ ग्रॅम बटर ३६, मिळून ६५-७०.

पांढरा, ३० ग्रॅमचा वाढप: त्यात २५ ग्रॅम बटर, म्हणजे १८०-१८५ किलोकॅलरी आणि १३ ग्रॅम संपृक्त चरबी. हलका पांढरा ४० ग्रॅमला ५५.

म्हणजे ‘वाइनमुळे जड’ ही समजूत उलटी आहे. जड करतं ते बटर, आणि तेही आपण शेवटी घालतो तेवढंच. कार्डावर बटरचं वजन ठळक छापा.

सोडियम: बिनमिठाचं बटर आणि बिनमिठाचा स्टॉक असेपर्यंत नगण्य. नेहमीच्या खारट टेबल बटरमध्ये १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. पांढऱ्यात ते वापरलं तर एका वाढपात २०० मिलिग्रॅम, मीठ न घालता. पोटॅशियम उडत नाही: लाल वाइनमध्ये १०० मिलीला सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात, ताटाला ९०-९५, खडे गाळले तर थोडं कमी.

कार्डावर लिहायचं नाही ते: ‘प्रथिनयुक्त’ (जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, ते पूर्ण प्रथिन नव्हे) आणि ‘रेझव्हेराट्रॉल’ (द्राक्षाच्या सालीतलं, आरोग्याला चांगलं म्हणून गाजवलेलं द्रव्य; लाल वाइनमध्ये लिटरला मोजके मिलिग्रॅम, ३६ ग्रॅम सॉसमध्ये त्याचं नाव घेणं लबाडी). लिहायचंच ते: सल्फाइट, वाइन टिकवायला घालतात ते. उकळताना त्यातला मोकळा सल्फर डायऑक्साइड वायू जातो, बांधलेला राहतो. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर जाहीर करावं लागतं. दमा असलेल्यांना हे माहीत असायला हवं.

२४ जून

तीच वाइन दुसऱ्या रीतीनं वापरली तर किती अल्कोहोल उरतं, हा प्रश्न सर्व्हिसवाल्यांकडून आला. अमेरिकी कृषी विभागाचा तक्ता: उकळत्या पदार्थात घालून लगेच उतरवलं तर ८५ टक्के शिल्लक, पेटवून ७५, १५ मिनिटं शिजवून ४०, अर्धा तास ३५, एक तास २५, दोन तास १०, अडीच तास ५. हे आकडे मंद शिजणाऱ्या पदार्थांचे, जिथं रस फारसा आटत नाही. आपला बेस पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तो यापेक्षा बराच खाली जातो. घड्याळापेक्षा काटा खरा.

पण तव्यावरच्या झटपट सॉसला तक्ताच धरा: दोन ताटांना १०० मिली वाइन, १५ मिनिटं, तर १० ग्रॅमपैकी ४ उरतात, ताटाला २. पेटवण्यानं अल्कोहोल जातं हा निव्वळ देखावा. गरोदर बाई, लहान मूल किंवा अल्कोहोल वर्ज्य असणारं कोणी असेल तर तिन्ही सॉसना ‘यात वाइन आहे’ एवढंच उत्तर. ‘उडून गेलेली असते’ म्हणायचं नाही.

मुरवण: कच्च्या वाइनमध्ये रात्रभर ठेवलेलं मटण वरून राखाडी आणि कडक झालं, आत चव गेलीच नाही. वाइन आधी उकळून, निम्मी करून, गार करून घातली तर बरं. किलोला २५० मिली मूळ वाइन पुरे. गोव्याच्या विंदालूचं पोर्तुगीज मूळही हेच, वाइन आणि लसणातलं मांस. तिथं वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं आणि अल्कोहोलचा प्रश्नच मिटला.

२७ जून

चवीच्या जोड्या. लाल: मटण चॉप, भाजलेलं बीट, आणि बर्गंडीच्या धर्तीवर पाण्यात सोडलेली अंडी (अंडं पाण्यातच करा, थेट वाइनमध्ये केलं तर पांढरा भाग मळकट जांभळा होतो). व्हेज लाल: भाजलेलं सुरण, मशरूम, ज्वारीच्या भाकरीबरोबरही चालला. पांढरा: रावस, पापलेट, कोलंबी. सुरमईला जड. गरम मसाल्याच्या कुठल्याही रश्शात यांपैकी काही घालू नका, लवंगेपुढे वाइन दिसतच नाही, फक्त आंबट उरतं.

साठवण: लाल बेसचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) स्टॉकमुळे साडेचारच्या वर-खाली होतो, म्हणजे टिकण्याइतका आंबट राहीलच असं नाही, म्हणून बाहेर ठेवायचा किंवा बाटलीबंद विकायचा विचारच नको. उथळ स्टीलच्या ट्रेमध्ये दोन तासांत थंड करून ४ अंशांवर चार दिवस. किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये ३६ ग्रॅमच्या वड्या करून फ्रीझरमध्ये दोन महिने. एक वडी, एक ताट. बटर घातलेला उरला तर टाकून द्या. पांढरा त्या-त्या सर्व्हिसपुरताच.

बाकी काम: २६ सेंमीची आणखी दोन स्टीलची पातेली, काट्यासाठी पाट, आणि हळदीचा डबा स्टॉकच्या बर्नरपासून दूरच्या फळीवर.